विहाराच्या भिंतीवरचा पांढरा पट्टा

आमच्या राजेश्वर गावात भीमराज पेंटरांच्या भिंतीला माझी भिंत लागून, म्हणून त्यांच्या घरातलं निम्मं मला आपसूक कळतं. उरलेलं निम्मं मी विचारून घेते. त्यांना मी अण्णा म्हणते, त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना, अक्का.

अण्णा रंग विकत घेतात ते लाल, पिवळा, निळा आणि पांढरा, एवढेच. हिरवा, केशरी, जांभळा ते स्वतः कालवतात आणि कालवताना शिकवत बसतात. लालाशेजारी हिरवा ठेवला की दोघंही पेटतात म्हणे, आणि तेच दोघं एका डब्यात घातले की चिखल होतो. मी म्हटलं, "म्हंजी अण्णा, तुमचं आन् अक्काचं जमलं ते शेजारी बसून, कालवून न्हाई." अक्का तोंडाला पदर लावून हसली.

यंदा बुद्धपौर्णिमेआधी विहाराच्या दर्शनी भिंतीवर पंचरंगी ध्वज काढायचं काम अण्णांकडं आलं. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी असे पट्टे. चार मनासारखे उतरले, पांढरा काही पसंत पडेना. डबाच पिवळट आलाय, म्हणाले. पिवळेपणा निळ्यानं मरतो, चुन्यात नीळ घालतात ती त्यासाठीच. म्हणून थेंब थेंब निळा घालत गेले. त्यांना पट्टा शुभ्र दिसला तेव्हा आम्हा सगळ्यांना तो आकाशी दिसत होता.

गावानं बघितलं आणि कुणी बोललं नाही. इथल्या निम्म्या दारांवरची नावं अण्णांच्या हातची, त्यांना रंग चुकला म्हणून कोण सांगणार? अक्कानं मला वेगळा दम दिला. डोळ्यानं दगा दिलाय हे कळलं तर हे कुंचला खाली ठेवतील आणि घरात बसून वाळतील, तू तोंडाला कुलूप घाल, म्हणाली. घातलं. फार जड गेलं.

पौर्णिमेच्या सकाळी वंदनेला बाया पांढऱ्या साड्या नेसून त्या भिंतीपुढं उभ्या राहिल्या. मी खिरीच्या आशेनं गेले होते. अण्णा लांबून आपलं काम बघत होते. त्यांनी अक्काला हाक मारली.

"साडी पिवळी कामून पडलीय? धुतलीस का न्हाई?"

मग त्यांनी अक्काशेजारी उभ्या पंचशीला नावाच्या पोरीकडं बघितलं. ती शाळेत शिकवते, बिदरहून आणलेली कोरी साडी नेसली होती. तीही पिवळी. तिच्या मागची पिवळी. सगळ्याच पिवळ्या. अण्णांचा चेहरा उतरला. एक वस्तू पिवळी दिसली तर वस्तू पिवळी असते. सगळंच पिवळं दिसायला लागलं तर मधली काच पिवळी असते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"सुभद्रा, पट्टा कसा दिसायलाय? खरं सांग."

"निळा."

"कवाधरनं ठावं हाय तुला?"

"पहिल्या हातापासनं."

अण्णा विहाराच्या पायरीवर बसले. मी खिरीची वाटी त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "पिवळी दिसली तर केशर घातलंय समजा." हसले नाहीत, पण खाल्ली.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, पिकलेला. बिदरला ऑपरेशन ठरलं. पट्टा नंतर करा, असं विहारातली मंडळी म्हणाली. अण्णा ऐकेनात. ऑपरेशनचं काय सांगावं, चुकलेला रंग भिंतीवर सोडून मी टेबलावर झोपणार न्हाई, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते अक्काला घेऊन विहारापुढं गेले. मी मागोमाग, अर्थातच. दारं-खिडक्यांच्या रंगाबद्दलसुद्धा त्यांनी अक्काला आजवर कधी विचारलं नव्हतं. आता ती धुतलेला पदर भिंतीला लावून उभी होती. अण्णांनी पांढरा डबा ढवळला, आत बघितलं, आणि त्यांचा हात सवयीनं निळ्याकडं गेला.

"नको," अक्का म्हणाली.

"पिवळा हाय, सुभद्रा."

"न्हाई. पदरासारखा हाय."

अण्णांनी हात मागं घेतला. मग कुंचला बुडवला, आणि त्यांच्या डोळ्यांना चक्क पिवळा दिसणारा तो रंग वरपासून खालपर्यंत, कुठं हात न थांबवता, तिच्या शब्दावर ओढत नेला.