बाराजणांचा ‘हाव’

असले गूढ अनुभव वाचून मी आजवर हसत आले. यवतमाळला एका दवाखान्याचं औषध भांडार सांभाळते. जे मोजता येत नाही त्याची मी नोंदच घेत नाही. तरी लिहितेय... कारण संताप आवरत नाही.

आमचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात बैलांवर मीठ लादून राजस्थानकडून वऱ्हाडात आले. वाटेत आमचा मूळपुरुष हमला वारला. त्याच्या बायकोने तीन पोरं आणि बैल घेऊन उरलेली वाट तुडवली आणि बोरी अरबजवळ तांडा वसवला. घरात सगळे ही गोष्ट छाती फुगवून सांगतात. तिचं नाव मात्र एकालाही ठाऊक नाही! चार वर्षं मी शोधतेय. कोतवालाची जुनी जन्ममृत्यूची वही पाहिली, जमिनीचे कागद पाहिले, मोडी वाचणाऱ्या गुरुजींना गाठलं. सगळीकडे एकच — ‘बेवा हमला’. हमलाची विधवा. बस.

गेल्या मार्चमध्ये मोठा भाऊ वंशावळ छापायला देणार होता, म्हणून आमच्या पिढ्यांची नावं पोथीत राखणारे भाट पोथी घेऊन तांड्यावर आले. सकाळचे साडेदहा, भावाची ओसरी, मला धरून घरची माणसं बारा. भाट एकेक नाव वाचतात, घरच्यांनी मिळून ‘हाव’, म्हणजे हो, म्हणायचं. हाव म्हटलं की ते नाव घराचं. मोबाईलवर रेकॉर्डिंग लावून मी वहीत उतरवून घेत होते.

“हमला.” — हाव.

“झमकी.” — हाव.

“रूपला.” — हाव.

माझा पेन थांबला. बाईचं नाव?

“बापू, ही झमकी कोण?”

भाट बघतच राहिले. “म्या कुठी घेतलं हे नाव, बाई? म्या तं पानी पिऊन राह्यलो होतो.” त्यांनी पान दाखवलं. हमलाखाली थेट त्याचा मुलगा रूपला.

भाऊ हसला. “त्या बुढीनं तुलेच धरलं वाटते!”

“दादा, तू हाव म्हटलं का नाही?”

“सगळे म्हनले, मीबी म्हनलो.”

“मग नाव घराचं झालं. छाप.”

“पोथीत नाही तं कायले छापू? लोकं हासतीन.”

मी तिथेच रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवलं. हमला, हाव. मग घटाघट पाणी प्यायल्याचा आवाज, पेला खाली ठेवल्याचा आवाज... आणि लगेच बाराजणांचा ‘हाव’. नाव नाहीच. पुढे रूपला.

कुणी बाहेरून बोललं असतं तर ते रेकॉर्ड झालं असतं. मला भास झाला म्हणावं, तर बाकीचे अकरा कशाला हाव म्हणाले? आणि झमकी हे नाव मी त्याआधी कुठेच वाचलेलं नव्हतं.

संध्याकाळपर्यंत अकराही जण फिरले. “आम्ही तिथं हाव म्हनलंच नाही.” रेकॉर्डिंगमध्ये वहिनीचा हाव खोकल्यासकट ऐकू येतो, तरी! जिने पोरं जगवली, जिच्यामुळे हे सगळे आज ओसरीवर बसतात, तिच्यासाठी एक ओळ जड झाली.

वंशावळ छापून आली. हमला, खाली रूपला. वाटायला गठ्ठा माझ्याकडे आला, तेव्हा मी निळ्या पेनाने प्रत्येक प्रतीत मधे ‘झमकी’ लिहिलं आणि मगच वाटल्या. भाऊ तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

ते नाव कुणी घेतलं, मला आजही सांगता येत नाही. भाटांनाही नाही. ज्यांना खोटं वाटतं त्यांनी घरी यावं, रेकॉर्डिंग ऐकवते. हाव म्हणणारे कोण कोण, ते आवाजावरून एकेक ओळखून दाखवीन.