केळीच्या चिकाचा डाग

देवपुरात आमच्या शेजारच्या नानांकडे एक जुनी मोटार आहे. तिला बाहेरून सागाच्या फळ्या आहेत. फळ्या पुसताना नाना तिला "सरक बरं" म्हणतात आणि स्वतःच सरकतात.

त्यांच्या पुतण्याच्या लग्नात कोणीतरी मोटारीला केळीचे खांब बांधले. चीक गळून एका दारावर काळा डाग पडला. नानांनी लिंबू चोळलं, पॉलिश पेपरने घासलं. डाग जाईना, आणि नानांना जेवण जाईना.

एका सकाळी ते केळीचा खांब कापून त्याचा चीक उरलेल्या सगळ्या फळ्यांना फासताना दिसले.

"नाना, हे काय करताय?"

ते फासत राहिले. चार-पाच दिवसांत सगळं लाकूड काळं पडलं, तेव्हा त्यांनी मला बोलावलं.

"आते दखाड भाऊ, डाग कोठे शे?"

मी मोटारीभोवती फेरी मारली. मला खरंच सापडला नाही.