आवणीच्या दिवसांत टॅली

बारावी कॉमर्स झाले तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. जव्हारच्या कॉलेजात तीन वर्षांचं बी.कॉम., नाहीतर तिथल्याच एका क्लासात सहा महिन्यांचं टॅली. ठाण्याला बांधकामावर असलेले बाबा फोनवर म्हणाले, "डिग्रीच घे. इथं डिग्रीवाला खुर्चीत बसतो, बाकी सगळे उन्हात."

मला मात्र क्लास हवा होता. चौकशीला गेले तेव्हा तिथल्या एका मुलीनं कॉम्प्युटरवर एक बिल टाकलं आणि माल, कर, ताळेबंद, सगळं आपोआप बदललं. मी आ वासून बघत राहिले. मला ते यायलाच हवं होतं, आणि लगेच!

अडचण होती आवणीची. कॉलेजचं बरं असतं, भातलावणीच्या दिवसांत निम्मा वर्ग शेतात, आणि सरही कानाडोळा करतात. क्लासात दांडी चालत नव्हती. आमच्या गावात, पोशेऱ्यात, आवणी सावडीनं होते: घरटी एक माणूस, आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या. मजुरीचा प्रश्नच नाही. पण ज्या घरचं माणूस येत नाही त्यांच्या शेतात कोण कशाला जाईल? आईची कंबर धरलेली, बाबा ठाण्याला. घरचं माणूस म्हणजे मीच. मी क्लासला गेले तर भात लागणार नाही, आणि मग वर्षभर खायचं काय?

मी निमूटपणे कॉलेजात नाव घालायचं ठरवलं. आईनं ते शेजारच्या काकीला सांगितलं असणार. सावडीच्या पाळ्या तीच लावते. संध्याकाळी ती दारात उभी.

"तुला कालेजात जायचाय का?"

"नाही."

"मग जा तिकडं किलासला. तुझी पाळी आमी बघू."

बघू म्हणजे काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आई म्हणाली, "ती बघू म्हणाली ना? मग झालं."

क्लासात सरांनी आपापल्या घरच्या कामाचा हिशोब टाकायला सांगितला. मी शेती घेतली. बियाणं, खत, आणि मजुरी शून्य. सर हसले. "फुकट कोण राबतं गं?" मी सावड समजावली. "मग त्यांच्या कामाचं देणं दाखव की. एका बाजूला आलं ते दुसऱ्या बाजूला दिसलंच पाहिजे."

देणं कोणाचं दाखवू? शून्य मी सवयीनं लिहिलं होतं. आमच्या शेतात अजून कोणी पाऊलही टाकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी एस.टी.तून उतरले आणि बांधावरच थबकले. या टोकापासून त्या टोकापर्यंत शेत लागलेलं, रोपं पाण्यात सरळ उभी. आमच्या घरचा एकही हात नसताना! त्या बिलापुढे मी आ वासला होता, पण इथे मला रडूच आलं.

काकी ओहोळात पाय धूत होती. मी विचारलं, "हे मी फेडू कसं?"

"कापणीला जमला तं ये. नाय जमला तं नको येव." मग तिनं मान वर केली. "पन अर्धा शिकून परत नको येव. आमची कंबर काय फुकटची नाय."

आज मी जव्हारला दुकानांचे हिशोब लिहिते. तिच्या त्या बोलण्याची धास्ती अजून आहे. एखादी नोंद जुळत नसेल तर मी ती तशीच टाकून उठत नाही.