हक्काची थापड

आमच्या तालुक्याच्या गावी, मालेगावच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी खिडकीतून बॅग टाकून माझी सीट धरली, ‘हाताले काम भेटलं की कळव’ एवढंच बोलले आणि वळून चालू लागले. गाडी सुटेपर्यंत थांबायची आपल्याकडे रीत आहे. ते थांबले नाहीत. आपल्या गावात, किन्हीराजात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, त्याचा राग मी बरीच वर्षं धरून होतो.

बाबा सुतार. हिवाळ्यात काम कमी असलं की ते शिरपूरला, यात्रेकरूंच्या वाटेवर, छर्ऱ्याची पाटी मांडायचे. उतरती फळी, तिच्यात ठोकलेले खिळे, खाली आकडे रंगवलेले खण. स्प्रिंगचा दांडा ओढून सोडला की लोखंडी छर्रा वर जायचा आणि खिळ्यांवर आपटत खाली यायचा. पन्नासच्या खणात पडला तर मूठभर फुटाणे. छर्रा घरंगळत असताना फळीच्या कडेला एकदाच थापड मारायची मुभा असे. तिला सगळे हक्काची थापड म्हणत. इतर पाटीवाले फळीला बोट लावू देत नसत, म्हणून गर्दी बाबांकडे. “थापड नाही तं खेळ कायचा?” ते म्हणायचे. “नुस्तं पाहतच राहा लागते.”

पुण्यात मला कामही त्याच जातीचं मिळालं. मॉलमधल्या गेम झोनची मशीनं मी दुरुस्त करतो. तिथे एक जुनं पिनबॉल आहे: काचेखाली उतरती फळी, लोखंडी गोळा, आणि तो खाली पडू नये म्हणून बटण दाबून उडवायच्या दोन पट्ट्या, म्हणजे फ्लिपर. शेजारी मोठमोठे स्क्रीन असताना लोक या म्हाताऱ्या मशीनसमोर रांग लावतात. का, ते मला ठाऊक आहे. आतला गोळा खरा आहे, तो आपलं ऐकत नाही, आणि तरी वाटत राहतं की पुढच्या वेळी ऐकेल.

आई गेल्यावर बाबांना कायमचं इकडे आणायचं मी ठरवलं. गॅलरी बंद करून त्यांची खाट टाकली, रंधा-पटाशीला कोपरा केला. दोन आठवडे ते रमले. मग एका दुपारी, गेम झोन रिकामा असताना, मी त्यांना पिनबॉलपुढे उभं केलं. त्यांचा चेहरा बघायला तुम्ही तिथे हवे होतात. “हे तं आपली पाटीच होय,” ते म्हणाले.

गोळा दोन फ्लिपरच्या मधल्या फटीकडे निघाला आणि बाबांनी मशीनच्या कडेला थापड मारली. सुताराचा हात तो. दिवे गेले, फ्लिपर मेले, गोळा खाली गडप झाला. बाबांनी हात असा मागे घेतला, जणू चटकाच बसला.

मी हसलो, मूर्खासारखा. सांगितलं, बाबा, मशीन बिघडलं नाही, हलवलं की ते तो डाव बंद करतं, याला टिल्ट म्हणतात. पुढचा गोळा सोडून दिवे लागलेलेही दाखवले. तेवढ्यात मॅनेजर आला आणि हिंदीत मला म्हणाला, अंकलना कशालाही हात लावू देऊ नको. मी ‘हो सर’ म्हणालो. माझ्या बापासमोर.

त्या दिवसापासून बाबा घरातही हात मांडीवर ठेवून बसू लागले. पंख्याचं बटण दाबण्याआधी माझ्या बायकोला विचारायचे, “लावू का, बाई?” रंध्याला तर त्यांनी हातच लावला नाही. मी दहादा समजावलं, शेवटी चिडलोही. ते शांतपणे म्हणाले, “तुह्यं काही चुकलं नाही, बापू. इथं हात कुठं ठेवाव, तेच मले समजत नाही.” चौथ्या दिवशी मीच त्यांना गाडीत बसवलं. गाडी सुटायची वाट न बघता वळलो, कारण तोंड दाखवायची सोय नव्हती. तेव्हा कुठे मला मालेगावचा स्टँड कळला.

आता ते तिकडे एकटे, आणि मी इथे. नोकरी सोडता येत नाही, त्यांना आणता येत नाही. ज्या जागी हात लावताना विचारावं लागत नाही ते आपलं घर, असं मी मनाशी धरलं आणि त्या हिशेबाने माझं घर किन्हीराजाच, अशी स्वतःची समजूतही घातली.

मागच्या महिन्यात गावी गेलो. बाबा ओसरीत फळी तासत होते. मी चप्पल काढली, बाजेपाशी उभा राहिलो आणि नकळत विचारून बसलो, “बाबा, इथं बसू का?”

रंधा थांबला. बाबांनी वर पाहिलं.

“काहून विचारून राह्यला, बापू?” ते म्हणाले.

मी उभाच राहिलो.