जिदहफ्समधला जपानी पूल

फ्रेमच्या दुकानात काचेच्या कपच्यांसारखे किस्से साठतात. कितीही झाडा, एखादा पायाला लागतोच. बहरीनमधल्या जिदहफ्सच्या आमच्या दुकानात मी आणि कुडाळचा सावंत. गिऱ्हाईक नुसतं हसलं तरी सावंत पुटपुटणार, "ह्येच्या मनात कायतरी आसा!"

रिफाहून एक बहरिनी डॉक्टरीणबाई येतात. हिंदी झकास! त्यांना जुन्या जपानी चित्रांचा नाद. लाकडी ठशावर कोरून कागदावर छापलेली. देव नाहीत, राजे नाहीत. न्हावी, मासेवाले, बाजारातली बाचाबाची.

एकदा मासेवाल्याचं चित्र आलं, किडीने पार भोकं पाडलेलं. सावंत कुजबुजला, "बाईंका फसवल्यानी!"

बाई म्हणाल्या, "भोकं आहेत म्हणून तर जुनं!"

सावंतने बराच वेळ भिंग लावून पाहिलं. बाई गेल्यावर म्हणतो, "भोकां पण डुप्लिकेट आसतली!"

*

न्हाणीघरातल्या बायकांचं चित्र आलं, तेव्हा आमचा अरबाब, म्हणजे मालक, दचकला. "मफी, मफी! नको, नको! उलटं ठेव!"

ठेवलं भिंतीकडे तोंड करून. झालं! येणाऱ्या प्रत्येकाला संशय. जो तो आधी तेच उचलून बघायचा. शेवटी पहाऱ्याला अरबाब स्वतःच त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसला!

*

जुफैरचे गायकवाड साहेब इंजिनिअर. जपानहून त्यांनी पुलावरच्या गर्दीचं चित्र आणलं, नुसत्या काळ्या शाईतलं. "उद्या न्या," म्हटलं, तर स्टूल ओढून बसले.

"आमच्यावर विश्वास नाय?" सावंतने विचारलं.

"आहे ना! म्हणून तर नुसता बघतोय!"

*

पुढे गायकवाड काच बदलायला आले, त्याच दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांच्या हातात तेच पुलाचं चित्र! दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"इथे कॉप्या काढता?" गायकवाड गरजले.

अरबाबचा चेहरा उतरला. आमचे व्हिसा त्याच्या हातात. शेवटी बाईच म्हणाल्या, "एका ठशावरून खूप चित्रं निघायची. दोन्ही खरी असतील." चहा झाला, दोन्ही फ्रेमा झाल्या, दोघं आपापली घेऊन गेले.

सकाळी गायकवाडांचा फोन: "बाईंचं चित्र माझ्या फ्रेममध्ये आलंय!" तो ठेवतोय तोच बाईंचा: "त्यांचं माझ्याकडे आलंय!"

दोघंही आले. सावंत फ्रेमा घेऊन आत गेला. ठोकाठोक ऐकू आली. बाहेर येऊन त्याने ज्याची त्याच्या हातात दिली. गायकवाडांनी निरखून पाहिलं. "हां, हेच माझं!" बाईंनी तर सावंतला खजुराचा डबाच दिला.

ते गेल्यावर मी विचारलं, "नीट बदललीस ना?"

सावंतने खजूर तोंडात टाकला.

"बदलूक कित्याक? काच पुसलंय!"