धाकटीचा गाळा

धाकट्या जावेचा मला फार हेवा वाटायचा. वाटायचा म्हणजे आता वाटत नाही, असं नाही.

आम्ही दोघीही बायकांचे ब्लाउज शिवायचो. सत्तर साल नुकतंच सरलं होतं, मोठा दुष्काळ अजून यायचा होता. बाजारतळावर धंदेवाल्यांसाठी गाळ्यांची एक ओळ उठवायची असं गावानं ठरवलं. सिमेंटला परमिट लागायचं, म्हणून पडक्या वेशीचे दगड, गावच्याच बाभळींची लाकडं आणि वर पांढऱ्या मातीचं सपाट छत, म्हणजे धाबं. घरटी एक माणूस कामाला. गाळे कुणा एकाचे नाहीत, गावाचे. बसेल त्यानं राखायचे. पुढे सगळ्यांना मिळून एकच लांब ओटा.

मी नाक मुरडलं. माझं माहेर बेलापूरचं, पेठेतली पत्र्याची दुकानं बघत वाढलेली मी. मातीखाली बसायला मी काय म्हातारी झाले, असं म्हणून मालकांकडून कोल्हारच्या रस्त्याला पत्र्याचं दुकान टाकून घेतलं. धाकटी मुकाट्यानं दगड वाहायला गेली आणि तिला ओळीतला शेवटचा गाळा मिळाला.

चैत्र लागला तसं माझं दुकान भाजायला लागलं. मशीनच्या चाकाला हात लावला की चटका बसायचा. माप द्यायला आलेली बाई पदरानं वारा घेत "उद्या येते" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी धाकटीच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली दिसायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. धाकटीची शिलाई काही माझ्यापेक्षा सरस नव्हती. बाही तर ती हमखास घट्ट करायची. "गारव्यापायी जातात बाया, दुसरं काय?" असं मी मालकांना जेवताना रोज ऐकवायची.

पावसाआधी धाब्यावर नवी माती घालून तुडवावी लागते. गावाचा नियम होता, आपलं धाबं आपण तुडवायचं नाही, उजवीकडच्या शेजाऱ्यानं तुडवायचं. स्वतःच्या कामात चालढकल करणारा माणूसही दुसऱ्याचं काम बिघडवताना गावाला भितो. पण धाकटीच्या उजवीकडे नुसतं मोकळं रान. ती माझ्याकडे आली.

"आक्का, माझ्या उजव्या अंगाला कुनीच न्हाई. तुमी येता का?"

नाही कसं म्हणणार? गेले. दिवसभर तिच्या डोक्यावर नाचायला मिळणार याचं सुखच वाटलं मला. पण ओली माती पायाखाली आली आणि मला अंग राखता येईना. पुढे पाऊस झाला तेव्हा बाकीचे गाळे थोडेफार ठिबकले, तिचा नाही. ती भेटेल त्याला सांगत सुटली, "आमच्या आक्कांचा पाय हाय त्यो!" मी जळतही होते आणि फुगतही होते.

दिवाळीनंतर ओळ वाढवायचं ठरलं. पहिली मागणी माझी. या खेपेला दगड मीही वाहिले आणि धाकटीच्या उजवीकडचाच गाळा मागून घेतला. तिची भिंत तीच माझी भिंत. तेच धाबं, तोच ओटा, तोच गारवा. आता बघतेच, म्हणत मी दाराशी नवी चटई अंथरली, माठ भरून ठेवला.

बाजारच्या दिवशी बाया आल्या. माझ्या माठातलं पाणी प्याल्या, "गार हाय बाई" म्हणाल्या, आणि पुढे सरकून धाकटीच्या दारात टेकल्या. कुणाची सून माहेरी जाऊन बसलेली, कुणाची म्हैस आटलेली. धाकटी मशीन थांबवून सगळं ऐकत होती. मी असते तर मधेच तोडलं असतं. एकीनं बाही घट्ट झाल्याचं गाऱ्हाणं केलं.

"आना हिकडं, उसवून देते," धाकटी म्हणाली, आणि दोघीही हसत सुटल्या.

संध्याकाळी मालकांनी विचारलं, "मग, आज लई गर्दी झाली आसंल?"

"नवीन जागा हाय, येळ लागतो," मी म्हणाले.

पत्र्याला बोल लावायची सोय आता उरली नव्हती.