वालूरची बारव आणि आमचे साडू

विचारल्याशिवाय पडक्या वास्तूत पाऊल न टाकणारा मनुष्य अख्ख्या परभणी जिल्ह्यात एकच होऊन गेला, आणि ते आमचे साडू. हे मी तोलून लिहितो आहे. ताडकळसला किराण्याच्या दुकानात तराजू धरून निम्मं आयुष्य गेलं. अंदाजानं बोलायची मला सवय नाही.

साडू झरीचे, घरचे खाऊनपिऊन सुखी शेतकरी. सुगी आटोपली की इतर लोक लग्नं जमवत, हे छकडा जुंपून जुन्या इमारती बघायला निघत. चारठाण्याची देवळं, धारासूरचं गोदाकाठचं मंदिर, कुठली गढी, कुठला दर्गा, कुठली ओस पडलेली सराई. देव कोणाचा आणि भिंत कोणाची, हा प्रश्न त्यांना पडत नसे. निजामी अमलातले आमचे रस्ते म्हणजे पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात फुफाटा, पण त्याचीही तक्रार नाही. मला मात्र सोबतीला न्यायचे, कारण मी कमी बोलतो असं त्यांचं मत होतं. दाराशी पोचले की ते जोडे काढत, खाकरत आणि आवाज देत, "हाय का कुनी घरात? इजाजत हाय का?" मग थांबत. छप्पर उडालेलं, कवाडं कधीच कुणी जळणाला नेलेली, आत बाभळ उगवलेली, तरी हे उन्हात उभे. एकदा मी वैतागून म्हणालो, "अहो, आत कोण असणार?" तर म्हणाले, "मंग बांधनाऱ्यानं दार कशाला ठिवलं? दार हाय म्हनजी इचारून जायचं. तुमच्या दुकानात कुनी न इचारता गुळाच्या ढेपीला हात घातला, तर चालंल का?" चाललं नसतं, हे मला मान्य करावं लागलं.

एकदा एका गढीतून खरंच उत्तर आलं. साडूंनी नेहमीसारखा आवाज दिला आणि आतून कुणीतरी म्हणालं, "कोन हाय?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच असं घडलं होतं. साडूंचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला, पण पळाले नाहीत. हात जोडून म्हणाले, "मी झरीचा. समदे खुशाल हायत ना?" तेवढ्यात शेळ्यांमागून एक म्हातारी धनगरीण बाहेर आली. "खुशाल कशाचं बाबा," ती म्हणाली, "गुडघं लय दुखायलेत." साडूंनी तिच्या दोन्ही गुडघ्यांची सविस्तर चौकशी केली, निरगुडीचा पाला सांगितला, आणि मगच बुरूज पाहिला.

खांब दिसला की ते कवेत घेत. मी सुतळी लावून खांबाचा घेर मोजायचो, ते मिठी मारून. "दीड कव भरला," असं डोळे मिटून सांगायचे. हे माप भरवशाचं नाही, हे मी त्यांना पुराव्यानिशी दाखवून दिलं होतं: जेवणाआधी दीड कव भरलेला खांब जेवणानंतर पावणेदोन भरे, कारण मधे पोट यायचं. त्यावर ते म्हणाले, "तुमची सुतळी खांबाची जाडी सांगती. त्यो गार हाय का ऊन, ते सांगती का?"

त्यांची बायको म्हणजे माझ्या पत्नीची थोरली बहीण. तिला आम्ही अक्का म्हणायचो. नवरा पडक्या भिंतींचे गोडवे गाऊ लागला की अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "समदा जिल्हा बघून झाला. मला येकदा वालूरची बारव दावा की." बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, वालूरच्या बारवेच्या पायऱ्या गोल फिरत पाण्यापर्यंत जातात. साडू म्हणायचे, "चल की." अक्का म्हणायची, "पर मला उतरायचं भ्या वाटतंय. हात धरावा लागंल." इथं साडू बैलांना वैरण घालायला उठत. आमच्या त्या काळात चार माणसांत बायकोचा हात धरणं म्हणजे गावानं वर्षभर चघळायचा विषय. तिचं नावसुद्धा त्यांनी कधी मोठ्यानं उच्चारल्याचं मला आठवत नाही.

शेवटी एका हिवाळ्यात आम्ही चौघं वालूरला गेलो. खाली बाया धुणं धूत होत्या, काठावर माणसं बसली होती. साडूंनी जोडे काढले, इजाजत मागितली, थांबले. अक्का पहिल्या पायरीशी आली आणि तिनं हात पुढं केला. साडूंनी काठावरच्या माणसांकडे पाहिलं, खाकरले आणि एकटेच उतरून गेले. अक्का माझ्या पत्नीशेजारी वरच बसली. ते परत आल्यावर तिनं विचारलं, "काय हाय खाली?"

"पानी," साडू म्हणाले.

"येवढं मलाबी ठावं हुतं," अक्का हसून म्हणाली. आम्ही छकड्यात बसून परत निघालो. झरी जवळ आली तसे साडू बैलांकडे बघत म्हणाले, "फुडल्या खेपेला दुपारी जाऊ. तवा कुनी नसतंय."

ती खेप आली नाही. निजामी राज्याच्या अखेरीस आमच्या भागात भीतीचे दिवस आले. पुष्कळ कुटुंबं रातोरात हद्दीपलीकडे वऱ्हाडात गेली, साडूही गेले. तिथं एका धर्मशाळेत अक्काला ताप चढला आणि ती गेली. राज्य बदलल्यावर साडू एकटेच परतले. मी त्यांना झरीला पोचवायला गेलो. स्वतःच्या घराच्या उंबऱ्याशी ते थांबले, जोडे काढले, आणि हळूच म्हणाले, "हाय का कुनी घरात?" नेहमीपेक्षा किती तरी जास्त वेळ ते थांबले आणि मग आत गेले.

महिन्याभरानं ते ताडकळसला आले आणि म्हणाले, "वालूरला चला." पोचलो तेव्हा सकाळ होती, धुणं चाललं होतं, काठावर माणसं होती. मी म्हणालो, "दुपारी येऊ या का? गर्दी नसेल."

"न्हाई," ते म्हणाले. "आसू द्या मानसं."

त्यांनी इजाजत मागितली. मग उजवा हात मागं केला, मागून येणाऱ्याला आधार द्यायला करतात तसा, आणि उतरू लागले. एकेक पायरी, अगदी सावकाश. प्रत्येक वळणावर जरा थांबत, मागचं पाऊल टेकू देत, मग पुढं. धुणाऱ्या बायांचे हात थांबले. काठावरचे लोक बघत होते. साडूंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाणी लागेपर्यंत तो हात तसाच मागं होता.

मीही उतरलो. पण त्यांच्या मागं दोन पायऱ्या सोडून; मधली जागा मी मोकळी ठेवली.